दौंडच्या शालनबाईंचा तिसरा अंक

तो प्रयोग पूर्ण झाला होता. पार पडदा पडेपर्यंत पूर्ण झाला होता आणि मी विंगेत नाटकाचं पुस्तक हातात धरून उभा होतो, त्यामुळं याबाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण आमच्या गावच्या नाट्य मंडळानं रौप्यमहोत्सवाची जी स्मरणिका काढली आहे, तिच्यात याच्या नेमकं उलट छापलंय.

स्मरणिका दिसायला झकास आहे. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर पुढाऱ्यांचे फोटो, मग जाहिराती. मध्ये कुठंतरी ‘आमची नाट्यपरंपरा’ नावाचं एक पान आहे. ‘अढळ सौभाग्य’ या आमच्या गाजलेल्या रहस्यमय नाटकाचे प्रयोग कुठं कुठं झाले, त्याची जंत्री तिथं दिली आहे. मांडववाल्याचं नाव आहे. जनरेटरवाल्याचं आहे. ज्यांच्या ट्रॉलीतून पडदे नेले त्यांचंही आहे. नायिकेच्या जागी मात्र छापलंय, ‘स्त्री पात्र : बाहेरून.’ आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, ‘पश्चिमेची खोली : एक प्रयोग, तांत्रिक कारणामुळे अपूर्ण.’

बाहेरून म्हणजे काय? जनरेटर बाहेरून आला तर त्याच्या मालकाचं नाव छापता, आणि जी बाई दहाएक वर्षं ते नाटक आपल्या खांद्यावर वाहत होती ती नुसती ‘बाहेरून’? मी मंडळाच्या सेक्रेटरीला फोन केला. तो म्हणाला, “गुरुजी, जुन्या गोष्टी कशाला उकरता? जागा कमी होती.” जागा कमी होती! फेट्यातले फोटो मोजायला बसलो असतो तर संध्याकाळ झाली असती. तर त्या पानावर जे मावलं नाही ते मी इथं लिहितो. गावाचं नाव घालत नाही. कवठे येमाईच्या अलीकडचं एक गाव, एवढं पुरे.

तिचं नाव शालन. आम्ही शालनबाई म्हणायचो. राहायला दौंडला.

त्या काळात, म्हणजे नव्वदच्या दशकात, आमच्याकडं यात्रेला नाटक बसवायचं म्हणजे पुरुष सगळे गावातले आणि बाई बाहेरची, अशीच रीत होती. गावातली कुणी लेकीसुनेला स्टेजवर उभी करत नसे. मग दौंडहून, पुण्याहून नटी ठरवायची. चैत्र-वैशाखात यात्रांची रांग लागे. नटी प्रयोगाच्या दिवशी दुपारी यायची, संध्याकाळी एक तालीम, जेवणं झाल्यावर प्रयोग, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावाला तेच नाटक. गाव बदले, नवरा बदले, बायको तीच. त्यामुळं शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या निम्म्या हौशी नटांची बायको शालनबाई होऊन गेली होती.

ती एसटीनं फाट्यावर उतरायची तेव्हा हातात लोखंडी ट्रंक असे. ठेंगणी, काळीसावळी, आवाज खालच्या पट्टीतला आणि चाल अशी की रस्त्यातल्या म्हशींनी बाजूला व्हावं. ट्रंकेत तिच्या स्वतःच्या साड्या, खोट्या केसांचं गंगावन, पावडर, दोन ब्लाउज जादा आणि एक स्टीलचा पेला. खुर्ची दिली तरी खुर्चीवर बसायची नाही. ट्रंकेवर बसायची. “खुर्चीवर बसलं की कुणी मोठा माणूस आला म्हंजी उठवत्यात. ट्रंकेवरनं कोण उठवतंय?” असं म्हणायची.

तो पेला का होता, हे मी पहिल्या वर्षीच पाहिलं. आमच्या गावात नटीच्या चहाला वेगळी कपबशी होती. देवडीत, पायताणांशेजारी पालथी घातलेली. ज्या गावात टाळ्या वाजवताना हात लाल व्हायचे त्याच गावात. बाईनं ती कपबशी बघितली, ट्रंक उघडली, पेला काढला आणि चहा आणणाऱ्या बाप्याला म्हणाली, “माझा चा माझ्या पेल्यात घाला. तुमची कपबशी असू द्या तुमच्यापाशी, उगं बाटायची.” तो माणूस हसावं की रागवावं या विचारात तसाच उभा राहिला. आजही ते आठवलं की माझी कानशिलं तापतात, कारण आम्ही सगळे शिकले-सवरलेले लोक तिथंच बसून आमच्या कपांतून चहा पीत होतो.

नाटक कुठलंही असो, तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे. “शेवट काय हाय?” शेवट कळल्याशिवाय ती पहिलं वाक्य पाठ करायची नाही. शाळा चौथीपर्यंत झालेली, वाचता यायचं, पण ती वाचून पाठ करत नसे. कुणीतरी मोठ्यानं वाचायचं आणि हिनं सुपारी कातरत ऐकायचं. दोनदा ऐकलं की झालं. “वाचलेलं डोळ्यात राहतं, ऐकलेलं तोंडात येतं,” हे तिचं म्हणणं. तिला वाचून दाखवायचं काम माझ्याकडं असे, कारण मी गावच्या शाळेत मास्तर आणि नाटकात प्रॉम्प्टर. प्रॉम्प्टर म्हणजे विंगेत उभं राहून विसरलेलं वाक्य कुजबुजणारा. तिच्यासाठी मला कधी कुजबुजावं लागलं नाही. उलट पुढचा नट अडकला की ती त्याचं वाक्य प्रश्न करून स्वतःच म्हणायची आणि त्याला नुसती मान हलवायला लावायची.

तिच्या वाटेला जायची सोय नव्हती. एका वर्षी डॉक्टरचं काम करणाऱ्या आमच्या एका उत्साही गड्यानं तालमीत नाडी तपासताना हात सोडायला फार वेळ लावला. प्रयोगात तो पुन्हा नाडी बघायला बसला आणि त्याचा हात मनगटावरून वर सरकू लागला. बाई आजारी पात्र, पलंगावर निजलेली. तिथूनच खणखणीत आवाजात म्हणाली, “डागदर, नाडी मनगटात असती. तुमी कुठल्या कॉलेजात शिकला?” सगळा मांडव हसून लोटपोट झाला. तो गडी पुढं दोन वर्षं नाटकाच्या नावानं फिरकला नाही. गावात मात्र लोक त्याला डागदरच म्हणू लागले, ते अजून म्हणतात.

आता त्या नाटकाबद्दल सांगायला हवं, कारण सगळी भानगड तिथंच आहे.

‘अढळ सौभाग्य’ हे मूळचं इंग्रजी नाटक. एका एकाकी बंगल्यात नवराबायको राहतात. बंगल्याला पश्चिमेकडं एक बंद खोली आहे. त्या खोलीच्या दारावर आतून कुणीतरी टकटक करतं. बायकोला ती ऐकू येते. नवरा म्हणतो, “मला तर काहीच ऐकू येत नाही.” नोकराला फितवून टकटक तोच करवून घेत असतो. बायकोच्या माहेरची इस्टेट मिळावी म्हणून तिला वेडी ठरवायचा त्याचा डाव. दोन अंक हे असं चालतं आणि माणसं श्वास रोखून बसतात. ती टकटक मी विंगेतून करायचो, शालनबाईंच्या ट्रंकेच्या झाकणावर. तसा पोकळ आवाज दुसऱ्या कशाचा निघत नसे.

तिसऱ्या अंकात डाव उघडकीला येतो. इथं आमच्या मराठी नाटकात काय व्हायचं? इन्स्पेक्टर नवऱ्याला बेड्या घालायला पुढं येतो, आणि ही बायको, जिला त्यानं वर्षभर छळून वेडी करायला घेतलं होतं ती, धावत येऊन नवऱ्याच्या पायावर पडते. “कसेही असलात तरी माझं कुंकू आहात. मला तुमच्या पायाशी जागा द्या.” इन्स्पेक्टर डोळे पुसतो. सनई वाजते. पडदा.

या शेवटापायी नाटक तुफान चाललं. त्यातली मेख अशी की गावात नाटकाचा खर्च जो उचलेल त्याला मुख्य काम द्यायचं, ही दुसरी रीत. आणि खर्च उचलणाऱ्या प्रत्येकाला नवऱ्याचंच काम हवं असे. पाय पुढं करून उभं राहायचं, बाई पायावर पडायची, आणि नेमक्या त्या क्षणी फोटोग्राफरनं फ्लॅश मारायचा. ते फोटो मोठे करून, चौकटीत घालून लावले जात. दूध संस्थेत, सोसायटीत, एखाद्याच्या बैठकीत गणपतीशेजारी. आमच्या गावच्या दूध संस्थेचे चेअरमन आप्पा यांनी ते काम सलग चार वर्षं केलं. त्यांच्या खुर्चीमागं चारही फोटो होते. खलनायकाचं काम करून माणूस मिशीला पीळ देत हिंडतो, हे मी आमच्याकडंच पाहिलं.

एकदा शालनबाई दूध संस्थेत गेल्या होत्या, कशाला ते आता आठवत नाही. ते फोटो बघून बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, “गुरुजी, अख्ख्या तालुक्यात भिताडाभिताडावर मी हाय. पर कुठंबी माझं तोंड दिसतंय का बघा. नुसती पाठ. एवढी कामं केली मी, आन् ऱ्हायली काय तर पाठ.” फोटोत पाठच होती.

शिक्रापूरला गणपतीत आमच्या मंडळाचा एक प्रयोग झाला होता. तिथं कारखान्यांतले कामगार खोल्या घेऊन राहतात, बिहार-यूपीकडचे पुष्कळ. मराठी त्यांना जेमतेम समजायचं, पण टकटक सुरू झाली की तेही चिडीचूप व्हायचे. प्रयोग संपल्यावर त्यांच्यातला एक मध्यमवयीन माणूस स्टेजमागं आला, हात जोडून म्हणाला, “दीदी, काम बहुत अच्छा किया. लेकिन गलती तो उसकी थी. पैर आपने क्यों पकड़े?” बाई म्हणाल्या, “नाटक में ऐसाच है, भैया.” टेम्पोतून परत येताना आणि पुढंही कितीतरी दिवस त्या माणसाची आठवण काढायच्या. “इतक्या वर्सांत इचारलं कुणी? तर त्यानं. आन् त्याला आपली भाषाबी येत नव्हती.”

मग गायकवाड सर आले. शिरूरच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायला नवीनच लागले होते. आमच्या नाटकाचा प्रयोग बघून त्यांना शंका आली आणि त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून मूळ इंग्रजी पुस्तक पैदा केलं. ताडून बघतात तर शेवट निराळाच. पूर्वीच्या भाषांतरकारानं आपल्या प्रस्तावनेत सरळ लिहिलं होतं की मूळ शेवट आपल्याकडच्या प्रेक्षकांना रुचणार नाही म्हणून बदलला. सरांनी सुट्टीत बसून नवं भाषांतर केलं, बंगला घोड नदीच्या काठी आणला, माणसं आपल्याकडची केली, शेवटाला मात्र हात लावला नाही. नाव ठेवलं ‘पश्चिमेची खोली’. आणि म्हणाले, या बाईंनाच हे ऐकवलं पाहिजे.

आम्ही दोघं दौंडला गेलो. रेल्वे लायनीजवळ एक खोली, गाडी गेली की मांडणीतली भांडी वाजायची. बाई शिवणयंत्रावर ब्लाउज शिवत होत्या. हंगाम नसला की हेच पोट भरायचं साधन. कोपऱ्यात त्यांचे वडील बसले होते, रेल्वेतून गँगमन म्हणून निवृत्त झालेले, कानानं पार गेलेले. सरांनी वाचायला सुरुवात केली तेव्हा बाईंचा नेहमीचा प्रश्न आलाच.

“आधी शेवट सांगा.”

सर म्हणाले, “शेवटी नवरा खोलीतला पुरावा लपवायला स्वतःच त्या पश्चिमेच्या खोलीत शिरतो. ती बाहेरून कडी घालते. तो आतून दार बडवतो. तेवढ्यात इन्स्पेक्टर येतो आणि विचारतो, कसला आवाज येतोय? ती म्हणते, मला तर काहीच ऐकू येत नाही. पडदा.”

यंत्र थांबलं. “परत सांगा.”

सरांनी परत सांगितलं.

“कडी ती घालती? सोताच्या हातानं?”

“हो.”

“आन् पाया?”

“पाया पडत नाही.”

“मुळातच न्हाई?”

“मुळातच नाही, बाई. ते आपल्याकडं घातलेलं आहे.”

मला वाटलं ती खूश होईल. पण बाईचा चेहरा असा काही झाला की सरांनी पुस्तक मिटलं. “म्हंजी तिकडची बाई ताठ उभी हाय,” ती म्हणाली, “आन् मला इतकी वर्सं वाकवली? कुणाला इचारून? त्या भाषांतरवाल्याला कुणी सांगितलं हुतं, का बाईला वाकीव म्हणून? मला वाटायचं, नाटक लिवणारानंच तसं लिवलंय, मग करायचं. आपून कोण बदलणार! आन् हितं तर ज्यानं त्यानं बदलून ठिवलंय!” म्हाताऱ्या वडिलांना ऐकू येत नव्हतं, पण पोरगी चिडली आहे एवढं कळलं. ते घाबरून आमच्याकडं बघायला लागले.

मग तिनं डोळे पुसले, अडकित्ता काढला आणि म्हणाली, “वाचा. पयल्यापासनं वाचा.”

पुढच्या यात्रेला ते नाटक बसवायचं ठरलं. आप्पा तयार झाले, कारण त्यांना एवढंच कळलं होतं की नाटक तेच आहे, फक्त नवीन केलंय. इथं आमच्याकडची तिसरी रीत सांगतो. संपूर्ण नाटक कुणाला देत नाहीत. प्रत्येकाला त्याची नक्कल उतरवून द्यायची. म्हणजे फक्त त्याची वाक्यं, आणि आधीच्या माणसाच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द. आप्पांच्या नकलेच्या शेवटच्या पानावर होतं, “दार उघड! ऐकतेस ना? दार उघड म्हणतो ना मी!” दूध संस्थेची निवडणूक तोंडावर होती. आप्पा तालमीला आले ते पहिल्या दोन अंकांपुरते. तिसऱ्यात त्यांच्या जागी मीच उभा राहायचो. पण पाठांतर त्यांचं चोख. संस्थेच्या आवारात येरझारा घालत ते गरजायचे, “दार उघड म्हणतो ना मी!” आणि कौतुकानं बघणाऱ्यांना सांगायचे, “बायको दार लावून रुसून बसली हाय. मग आपून दम भरतो आन् ती यिऊन पाया पडती. ह्या बारीला जोर जास्त हाय.”

हे मी सरांच्या कानावर घातलं. सर म्हणाले, “त्यांना नक्कल दिलीय, वाचतील.” शालनबाई ट्रंकेवर बसून सुपारी कातरत होत्या. “आप्पास्नी नक्कल दिलीया न्हवं?” त्यांनी विचारलं. “मग झालं.”

प्रयोगाला मांडव गच्च भरला. डावीकडं बायका, उजवीकडं पुरुष, पुढं पाहुणे. या प्रयोगासाठी सुतारानं खरं दार करून दिलं होतं, खऱ्या कडीचं. दोन अंक उत्तम झाले. मी ट्रंकेवर टकटक केली की बायकांच्या बाजूला पोरं आईला बिलगायची. तिसऱ्या अंकात आप्पा तावातावानं खोलीत शिरले. ‘खोलीत जातो’ एवढी सूचना नकलेत होती, म्हणून ते गेले. कशाला, ते ठाऊक नव्हतं. शालनबाई सावकाश दाराशी गेल्या. कडीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. आणि मग कडी घातली. त्या कडीचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला.

आतून आप्पांनी ठरल्याप्रमाणं सुरुवात केली. “दार उघड! ऐकतेस ना?” मग त्यांनी दार ढकललं. ते उघडेना. आतून परत बाहेर पडायची वाट कापडी भिंतीमागून होती, पण आप्पांना ती कुणी दाखवली नव्हती, कारण ते तालमीला नव्हते. मग जो आवाज आला तो नकलेतला नव्हता. “ए! दार उघड की! कोन हाय रं तिकडं? दार उघडा!” इन्स्पेक्टर आला, त्यानं विचारलं, “कसला आवाज येतोय?” दार थरथरत होतं. शालनबाई प्रेक्षकांकडं तोंड करून उभ्या होत्या. ताठ. त्यांनी शांतपणे मांडवभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, “मला तर काहीच ऐकू येत नाही.”

पडदा पडला. बायकांच्या बाजूनं जो आवाज उठला तसा मी आमच्या गावात कधी ऐकला नव्हता. त्या टाळ्या वाजवत होत्या, हसत होत्या, आणि आप्पांची मंडळी तोंडाला पदर लावून सगळ्यात जास्त हसत होती, हे मी विंगेतून डोळ्यांनी पाहिलं.

म्हणून म्हणतो, प्रयोग पूर्ण झाला होता.

यानंतर जे झालं त्याला तुम्ही तांत्रिक कारण म्हणता! आप्पांना बाहेर काढलं. फोटोग्राफर बिचारा कॅमेरा घेऊन तसाच उभा होता, पाया पडायची वाट बघत. “गावासमोर मला कोंडतीस?” आप्पा ओरडले. “पडदा वर घ्या! शेवट परत करा!”

“कुठला शेवट, आप्पा?” शालनबाईंनी विचारलं.

“आपला! पायाशी जागा द्याचा!”

“त्यो त्या पुस्तकात. ह्या पुस्तकात हाच हाय. इचारा गुरुजींना.”

मी म्हणालो, “हाच आहे.” गायकवाड सर काही सांगायला पुढं झाले तर त्यांना कुणीतरी दंडाला धरून बाजूला केलं. आणि माईकवरून घोषणा झाली, “काही तांत्रिक अडचणीमुळे शेवटचा प्रवेश राहून गेला आहे, तरी कुणी जागा सोडू नये.” आप्पांनी बाईला स्पष्ट सांगितलं, करणार नसशील तर या तालुक्यात पुन्हा सुपारी मिळणार नाही. म्हणजे कामच मिळणार नाही. बाई उठल्या. त्यांनी गंगावन काढलं, ट्रंकेत ठेवलं, अंगावरची नाटकातली शाल घडी करून ठेवली. पडदा वर गेला तेव्हा त्या ट्रंक हातात घेऊन स्टेजवर आल्या, लोकांना नमस्कार केला, आणि पुढच्या पायऱ्या उतरून बायकांमधून वाट काढत निघून गेल्या. स्टेजवर आप्पा एकटेच उरले.

आणि खरोखर तसंच केलं त्या लोकांनी. पुढच्या हंगामात तिला या भागात एकही काम मिळालं नाही. आसपासच्या गावांना निरोप गेले, दौंडची बाई उलट्या डोक्याची आहे, ऐन वेळेला अपमान करते. अपमान! चार वर्षं त्या बाईची पाठ भिंतीवर टांगली तो मान, आणि एकदा कडी घातली तो अपमान. ‘पश्चिमेची खोली’चा दुसरा प्रयोग कुणी केला नाही. गायकवाड सर बदली घेऊन गेले आणि यात्रेला पुन्हा ‘अढळ सौभाग्य’ लागलं. नायिका पुण्याहून, विशीतली एक पोरगी. नवरा आप्पाच.

त्या प्रयोगाला शालनबाई आल्या होत्या. मला ठाऊक नव्हतं. तिसरा अंक सुरू होता, सगळं ठरल्याप्रमाणं चाललं होतं, आप्पांनी पाय पुढं केला, फोटोग्राफर गुडघ्यावर बसला, पोरगी वाकायला लागली. आणि बायकांच्या बाजूनं तो खालच्या पट्टीतला आवाज आला.

“ऊठ गं, पोरी.”

ओरडून म्हटलेलं नव्हतं. घरातल्या लेकीला सांगावं तसं म्हटलं होतं. पोरगी अर्धी वाकलेली तशीच थांबली. तिनं त्या बाजूला पाहिलं, मग गोंधळून विंगेत माझ्याकडं पाहिलं. पुढचं वाक्य माझ्या समोर उघडं होतं. मी पुस्तक मिटलं. आप्पांना धीर धरवेना. त्यांनी तोंडाच्या कोपऱ्यातून तिला सांगितलं, “म्हण की. पायाशी जागा द्या म्हण. म्हण की, बाई!” वर टांगलेल्या माईकनं ते उचललं आणि चारी भोंग्यांतून गावभर झालं, “पायाशी जागा द्या म्हण की, बाई!”

आधी बायका हसल्या. मग पोरं, आणि मग पुरुषांची बाजूही. पोरगी शेवटी वाकली, फ्लॅशही उडाला, पण सनई वाजली ती कुणाला ऐकू आली नाही.

मी मागच्या बाजूनं धावत बाहेर गेलो. मंडळाचे दोन स्वयंसेवक शालनबाईंना मांडवाबाहेर घेऊन आले होते. “हात लावू नका, चालता येतं मला,” असं म्हणत त्या रस्त्याकडं निघाल्या होत्या. त्या वर्षी हातात ट्रंक नव्हती, नुसती पिशवी होती. बऱ्याच वाळल्या होत्या. शिरूरकडं जाणारा दुधाचा टेम्पो उभा होता, मी ड्रायव्हरला सांगून त्यांना पुढं बसवलं. मी म्हणालो, “शालनबाई, जेवून तरी जायचं.”

त्यांनी तिकडं लक्षच दिलं नाही. मांडवातला हशा अजून ऐकू येत होता. खिडकीतून वाकून त्यांनी विचारलं, “गुरुजी, लोकं कुणाला हसत्यात? मला का आप्पाला?”

“आप्पांना.”

“नीट बघून सांगा. माझ्या मनासाठी सांगू नका.”

“आप्पांनाच हसतायत, शालनबाई.”

त्यांनी एकदा मांडवाकडं पाहिलं, पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, “चल बाबा आता.”